समूह एक, कंपन्या अनेक : कायद्याला ‘उद्योगसमूह’ कसा दिसतो?

सांगलीहून मिरजेकडे जाताना विश्रामबाग लागते आणि विश्रामबागेत ‘वालचंद’ हे नाव भेटते. १९४७ साली धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ला १९५५ मध्ये वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले आणि तेव्हापासून ते सांगलीकरांच्या तोंडी ‘वालचंद कॉलेज’ असेच आहे. हेच नाव इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला आहे. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, रावळगाव शुगर फार्म यांच्या इतिहासाच्या पहिल्या पानावरही तेच आहे. बोलण्याच्या ओघात या सगळ्यांना मिळून ‘वालचंद समूह’ असे म्हटले जाते. कायद्याला विचारले तर उत्तर निराळे मिळते. महाविद्यालय ही एक शिक्षणसंस्था, वालचंदनगर इंडस्ट्रीज ही एक कंपनी, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन ही दुसरी आणि रावळगाव ही तिसरी. ‘वालचंद समूह’ नावाची कोणी व्यक्ती कंपनी निबंधकाच्या दप्तरात नोंदलेली नाही. तिला कर्ज देता येत नाही, तिच्यावर दावा लावता येत नाही आणि तिचे दिवाळेही काढता येत नाही.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी समजू नये. समूहाच्या नावावर विसंबून माल उधार देणारा पुरवठादार, ठेव ठेवणारा निवृत्त शिक्षक, बोनसची वाट पाहणारा कामगार या सर्वांना अडचणीच्या दिवशी अचानक कळते, की आपला व्यवहार समूहाशी झालेलाच नव्हता; तो समूहातील एका विशिष्ट कंपनीशी झाला होता आणि नेमक्या त्याच कंपनीच्या तिजोरीत आता काही उरलेले नाही. अशा वेळी न्यायालयाने सर्व कंपन्यांना मिळून एक मानावे काय, हा कंपनी कायद्यातील सर्वांत जुना आणि अद्याप पुरता न मिटलेला वाद आहे.

कंपनी हीच व्यक्ती

या वादाचे मूळ १८९७ सालच्या एका इंग्रजी निकालात आहे. सॉलोमन नावाच्या लंडनमधील चर्मव्यावसायिकाने आपला चालता धंदा स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. कंपनीचे जवळजवळ सर्व भाग त्याच्याकडे होते आणि उरलेले मोजके भाग घरच्याच माणसांच्या नावे होते. शिवाय विक्रीच्या किमतीपोटी कंपनीने त्याला तारणयुक्त कर्जरोखे दिले होते. कंपनी बुडाली तेव्हा इतर धनको म्हणाले, की कंपनी म्हणजे सॉलोमनच, त्याने आमचे देणे द्यावे. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मान्य केले नाही. कायद्यानुसार नोंदलेली कंपनी ही तिच्या भागधारकांपासून स्वतंत्र अशी व्यक्ती आहे आणि तिचे कर्ज हे तिचेच कर्ज आहे, असा तो निकाल होता. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ९ याच तत्त्वावर उभे आहे. नोंदणीच्या दिवसापासून कंपनी स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करू शकते, करार करू शकते, दावा लावू शकते आणि तिच्यावर दावा लावता येतो.

हे तत्त्व दोन्ही बाजूंनी कापते. मुंबईच्या बाचा गझदर यांनी चहामळ्याच्या कंपन्यांचे भाग घेतले होते. त्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा साठ टक्के हिस्सा शेतीउत्पन्न म्हणून केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त होता, म्हणून आपल्या लाभांशाचाही तेवढा हिस्सा करमुक्त धरावा, अशी त्यांची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये ती फेटाळली. मळा कंपनीचा आहे, भागधारकाचा नव्हे. त्याच्या हाती येतो तो लाभांश, चहाचे उत्पन्न नव्हे. भागधारकाला जबाबदारीतून सुटका हवी असेल, तर मालकीचा हक्कही सोडावा लागतो.

अर्थात, या भिंतीला खिडक्या पडायलाही फार काळ लागला नाही आणि त्यातील एक आरंभीची खिडकी मुंबईतच पडली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी चार खाजगी कंपन्या काढल्या आणि आपली गुंतवणूक त्यांच्यात वाटून टाकली. लाभांश कंपनीकडे जमा होई आणि तोच पैसा कर्जाच्या रूपाने सर दिनशांकडे परत येई. कर्जावर प्राप्तिकर नसतो, ही त्यातली मख्खी. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सांगितले, की या कंपन्यांना दुसरा काही उद्योगच नाही. त्या म्हणजे वेषांतर केलेले सर दिनशाच आहेत. कायद्याच्या भाषेत याला ‘कंपनीचा पडदा बाजूला सारणे’ असे म्हणतात.

मधल्या प्रकारचे एक उदाहरण अलीकडचे आहे. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी टाटा सन्सच्या संचालक मंडळाने सायरस मिस्त्री यांना कार्यकारी अध्यक्षपदावरून दूर केले. वर्तमानपत्रांतून ‘टाटा समूहाच्या अध्यक्षांना हटविले’ अशा बातम्या झळकल्या. परंतु टाटा कन्सल्टन्सी, टाटा मोटर्स, टाटा स्टील, टाटा पॉवर या कंपन्यांच्या संचालकपदी मिस्त्री दुसऱ्या दिवशीही होतेच. त्यांना तेथून काढावयाचे, तर प्रत्येक कंपनीच्या भागधारकांची स्वतंत्र सभा बोलावणे भाग होते. टाटा कन्सल्टन्सीची तशी सभा १३ डिसेंबरला झाली आणि उरलेल्या सूचिबद्ध कंपन्यांच्या सभा होण्यापूर्वीच, १९ डिसेंबरला, मिस्त्री यांनी राजीनामे दिले. ‘समूहाचा अध्यक्ष’ हे पद व्यवहारात कितीही वजनदार असले, तरी कंपनी कायद्यात तसे पद नाही.

किर्लोस्करवाडीचे आडनाव

समूहाची ओळख कशात असते, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर, कुंडल रोड स्थानकाजवळ, आपला कारखाना उभारला. पुढे त्या स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी १५ जानेवारी १९२० रोजी नोंदली गेली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरमध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक, १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक, असा विस्तार शंतनुराव किर्लोस्करांच्या काळात होत गेला. नाव एक, पण कंपन्या वेगवेगळ्या.

मग ‘किर्लोस्कर’ या नावाचा मालक कोण? किर्लोस्कर घराणे, असे उत्तर कोणीही देईल. कायद्याच्या दृष्टीने मात्र ‘किर्लोस्कर’ हे व्यापारचिन्ह ‘किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड’ या स्वतंत्र कंपनीच्या मालकीचे झाले आणि इतर कंपन्या ते करारान्वये वापरू लागल्या. आडनावाचे रूपांतर मालमत्तेत झाले. याच कंपनीने ‘किर्लोस्कर डिझेल रेकॉन’ व तत्सम नावांविरुद्ध लावलेल्या खटल्याचा मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिलेला निकाल आजही व्यापारचिन्हांच्या प्रकरणांत आधाराला घेतला जातो. एखादे व्यापारी नाव घरोघरी पोहोचलेले असेल आणि त्या नावाखाली नाना प्रकारचे उद्योग चालत असतील, तर प्रतिवादीचा धंदा तंतोतंत तोच नसला तरी त्याला ते नाव वापरण्यास मनाई करता येते, असे न्यायालयाने मानले. नीट पाहिले, तर या निकालात समूहाला एक प्रकारची मान्यता आहे. ग्राहक पंप, इंजिन, कॉम्प्रेसर असा भेद न करता ‘किर्लोस्करचे आहे’ एवढेच पाहतो, हे न्यायालयाने ओळखले. कंपन्या वेगळ्या असूनही ग्राहकाच्या मनातील ओळख एक असते आणि त्या ओळखीला कायद्याचे संरक्षण मिळते.

नाव आणि मालकी यांची फारकत कुठवर जाऊ शकते, याची दोन उदाहरणे याच कुटुंबाच्या इतिहासात आहेत. पुण्याच्या ‘किर्लोस्कर कमिन्स’मधून किर्लोस्करांचा हिस्सा अमेरिकी भागीदाराने घेतल्यानंतर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती ‘कमिन्स इंडिया’ झाली. नाव बदलले तरी कायदेशीर व्यक्ती तीच राहिली. जुनी देणी, जुने करार, जुने खटले सगळे तिच्यासोबतच गेले. याउलट कर्नाटकातील बिडदीच्या ‘टोयोटा किर्लोस्कर मोटर’च्या पाटीवर किर्लोस्कर हे नाव आहे, परंतु तिचे ८९ टक्के भागभांडवल जपानच्या टोयोटाचे आणि ११ टक्के किर्लोस्कर सिस्टिम्सचे. कंपनी कायद्याच्या व्याख्येत ती टोयोटाची उपकंपनी ठरते. (वालचंदांच्या घरचे उदाहरणही येथे आठवते. रावळगाव शुगर फार्मने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ आदी गोळ्यांची व्यापारचिन्हे व पाककृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीला विकल्या. कारखाना आणि जमीन मूळ कंपनीकडेच राहिली. गोळीच्या कागदावरचे नाव तेवढे दुसऱ्या घरी गेले.)

घराण्यातील वाटणी कंपनीवर बंधनकारक असते काय, हा प्रश्नही किर्लोस्करांच्याच निमित्ताने अलीकडे चर्चेत आला. २००९ मध्ये कुटुंबात एक समझोतापत्र झाले आणि कोणत्या शाखेने कोणत्या कंपन्या पाहाव्यात हे ठरले. पुढे परस्परांच्या व्यवसायाशी स्पर्धा न करण्याच्या अटीवरून वाद उद्भवला आणि तो न्यायालयात गेला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश देऊन उभय बाजूंना मध्यस्थीचा मार्ग सुचविला. वादाचा गाभा साधा आहे. समझोत्यावर सह्या आहेत त्या माणसांच्या, कंपन्यांच्या नाहीत. मग त्या अटी कंपन्यांना लागू होतात काय?

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ सालचा रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन हा निकाल नेहमी पुढे येतो. एका कौटुंबिक खाजगी कंपनीत दोन शाखांनी आपापले भाग आपल्याच शाखेत ठेवावेत, असा तोंडी करार झाला होता. तो मोडून भाग विकले गेले. कंपनीच्या नियमावलीत ही अट लिहिलेली नाही, तेव्हा ती कंपनीवरही बंधनकारक नाही आणि भागधारकांवरही नाही, असे न्यायालयाने ठरविले. सेबीने २०२३ मध्ये यावर वेगळ्या बाजूने हात घातला. सूचिबद्ध कंपन्यांच्या नियमावलीत ३०-अ हा नवा नियम आला. प्रवर्तक, भागधारक, संचालक अशा मंडळींनी आपापसांत केलेल्या करारामुळे कंपनीच्या व्यवस्थापनावर वा नियंत्रणावर परिणाम होत असेल किंवा तिच्यावर बंधन येत असेल, तर कंपनी स्वतः त्या कराराची पक्षकार नसली तरी तो जाहीर करावा, असे हा नियम सांगतो. याच नियमावर बोट ठेवून सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये किर्लोस्कर नावाच्या चार सूचिबद्ध कंपन्यांना समझोतापत्र जाहीर करण्यास कळविले आणि त्या कंपन्यांनी हे मुंबई उच्च न्यायालयात नेले. आम्ही सही केलेली नाही, तर आमच्यावर बंधन कसले, हा कंपन्यांचा मुद्दा सॉलोमनच्या निकालाशी सुसंगत आहे. गुंतवणूकदाराला अंधारात ठेवू नये, हा सेबीचा मुद्दाही टाकाऊ नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते जाहीर करणे आणि बंधनकारक असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या, तर गुंता बराच सुटतो.

कायद्याला समूह केव्हा दिसतो?

समूह ही कायद्याची व्यक्ती नसली, तरी कायदा तिच्याकडे पूर्णपणे डोळेझाक करतो असे नाही. ज्या कामापुरता समूह पाहणे आवश्यक असेल, त्या कामापुरती त्याची व्याख्या केली जाते आणि काम संपले की ती मिटते. १९७० पासून अमलात आलेल्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्याने ‘परस्परसंबद्ध उपक्रमां’ची मालमत्ता एकत्र मोजावी आणि ती २० कोटींहून अधिक असेल तर विस्तारासाठी सरकारची परवानगी घ्यावी, असा दंडक घातला. १९८५ मध्ये ही मर्यादा १०० कोटी झाली आणि १९९१ च्या उदारीकरणात परवानगीचा भाग गळून पडला. स्पर्धा कायद्याने समूहाची आपली वेगळी व्याख्या केली. कंपनी कायदा तर ‘समूह’ हा शब्द टाळून नातीच सांगतो. दुसऱ्या कंपनीतील निम्म्याहून अधिक मताधिकार वा तिच्या संचालक मंडळावर नियंत्रण असेल, तर ती उपकंपनी. किमान वीस टक्के मताधिकार असेल, तर सहयोगी कंपनी. उपकंपनीने आपल्या धारक कंपनीचे भाग घेऊ नयेत. धारक कंपनीने स्वतःच्या ताळेबंदाबरोबर सर्वांचा एकत्रित ताळेबंदही भागधारकांपुढे ठेवावा. हा एकत्रित ताळेबंद म्हणजे समूहाचे छायाचित्र. पण छायाचित्रावर वसुलीची नोटीस बजावता येत नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

कामगारांच्या बाबतीत न्यायालयाने पडदा सारल्याचे एक उदाहरण भावनगरचे आहे. असोसिएटेड रबर इंडस्ट्री या कंपनीकडे दुसऱ्या एका कंपनीचे भाग होते आणि त्यांचा लाभांश तिच्या नफ्यात धरला जाई. तिने पूर्ण मालकीची नवी कंपनी काढून ते भाग तिच्या नावे केले. लाभांश तिकडे गेला, नफा घटला आणि नफ्यावर अवलंबून असलेला कामगारांचा बोनसही घटला. नव्या कंपनीला ना दुसरे उत्पन्न होते, ना दुसरा व्यवसाय. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बोनस कमी करण्याचा खटाटोप ओळखून लाभांश मूळ कंपनीच्याच नफ्यात धरण्यास सांगितले. कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांनी हा निकाल मूळातून वाचावा. तो लहान आहे आणि त्याची भाषा सरळ आहे.

कधीकधी समूहच पडदा सारा म्हणतो! हिंदाल्कोला वीज पुरविणारी रेणुसागर पॉवर ही तिची पूर्ण मालकीची उपकंपनी होती. ती वीज ‘स्वतःच्या स्रोतातून’ निर्माण केलेली मानली, तर वीजशुल्काची आकारणी सवलतीने व्हावयाची होती. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघींना त्या प्रश्नापुरते एकच मानले. सोयीच्या वेळी एक आणि गैरसोयीच्या वेळी अनेक, ही समूहांची जुनी रीत आहे. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडने उलट भूमिका घेतली. भारतीय कंपनीत अमेरिकी कंपनीचे ५०.९ टक्के भाग होते, तरीही ती कंपनी वेगळी आहे, असा तिचा बचाव होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पडदा सारण्याच्या दिशेने पाऊल टाकले. परंतु फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि हा कळीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निर्णयाविनाच राहिला.

तेरा कंपन्यांचे एक दिवाळे

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर या विषयातील अलीकडचा सर्वांत मोठा प्रसंग व्हिडिओकॉनचा. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने एकेका कंपनीचा विचार केला होता; समूहाच्या दिवाळखोरीची तरतूद मूळ संहितेत नव्हती. व्हिडिओकॉनच्या पंधरा कंपन्यांविरुद्ध बँकांनी कारवाई सुरू केली तेव्हा असे आढळले, की एका कंपनीचे कर्ज, दुसरीची हमी, तिसरीचे तारण अशी गुंफण झालेली आहे. एकटी कंपनी विकायला काढली, तर घेणाऱ्याच्या हाती धड काहीच लागणार नाही. स्टेट बँकेच्या अर्जावर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने ८ ऑगस्ट २०१९ रोजी तेरा कंपन्यांची प्रक्रिया एकत्र केली. समान नियंत्रण, समान संचालक, सामायिक मालमत्ता, एकमेकींत मिसळलेले हिशेब, परस्परांवरील अवलंबन, समान धनको, अशा कसोट्या न्यायाधिकरणाने लावल्या. केएआयएल आणि ट्रेंड इलेक्ट्रॉनिक्स या दोन कंपन्या स्वतंत्रपणे तगू शकतात, म्हणून त्या वगळल्या. एकाच समूहातील कोणती कंपनी एकरूप आणि कोणती वेगळी, याची अशी छाननी आपल्याकडे त्यापूर्वी क्वचितच झाली असेल.

पुढे काय झाले, हे लहान पुरवठादारांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने वेदान्त समूहातील ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजची सुमारे २,९६२ कोटींची योजना मंजूर केली. मान्य झालेले दावे होते सुमारे ६४,८३८ कोटींचे. म्हणजे धनकोंना रुपयामागे पाच पैशांहूनही कमी. माल व सेवा पुरविणाऱ्या धनकोंच्या वाट्याला तर एक टक्काही येत नव्हता. न्यायाधिकरणानेच त्यावर नाराजी नोंदविली आणि जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. समूह एक मानल्याने सर्वांचे भले होते, हा समज या प्रकरणाने तपासून पाहायला लावला. ज्या पुरवठादाराने त्यातल्या त्यात सुस्थितीतील कंपनीला माल दिला होता, त्याचे देणेही सर्वांच्या देण्यात मिसळले जाते. बँकांना एकत्रीकरण सोयीचे असते, कारण त्यांच्याकडे बहुधा सर्वच कंपन्यांच्या हम्या असतात. लहान धनकोकडे असते ते एका कंपनीचे बिल. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात समूह दिवाळखोरीसाठी तरतूद सुचविली गेली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

सही न करणारा पक्षकार

करप्रकरणांत न्यायालयाचा कल भिंत शाबूत ठेवण्याकडे राहिला आहे. केमन बेटांवरील एका कंपनीचा भाग विकत घेऊन व्होडाफोनने भारतातील हचिसन एस्सारमध्ये प्रवेश मिळविला. व्यवहार परदेशी कंपन्यांत झाला. धंदा मात्र येथला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये प्राप्तिकर खात्याच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी तो फिरविला. समूह आर्थिकदृष्ट्या एक असला, तरी उपकंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे आणि व्यवहार बनावट असल्याखेरीज ती भिंत ओलांडता येणार नाही, असा त्याचा आशय. संसदेने त्याच वर्षी पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये ती मागे घेतली.

लवादाच्या क्षेत्रात मात्र समूहाला थोडे अधिक स्थान मिळाले. करारावर सही एका कंपनीची, पण वाटाघाटी केल्या आणि कामही केले दुसरीनेच, असे अनेकदा होते. मग सही न करणाऱ्या कंपनीला लवादापुढे ओढता येते काय? कॉक्स अँड किंग्ज विरुद्ध सॅप इंडिया या प्रकरणात नेमके हेच घडले. मुंबईच्या पर्यटन कंपनीचा करार सॅपच्या भारतीय उपकंपनीशी होता आणि काम बिनसल्यावर आश्वासने दिली जर्मनीतील मूळ कंपनीने. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ डिसेंबर २०२३ रोजी ‘कंपनीसमूहाचा सिद्धान्त’ कायम ठेवला, पण त्याचा पाया बदलला. दोन कंपन्या एकाच समूहातील आहेत एवढ्याने भागणार नाही. लवादाच्या कराराने बांधले जाण्याचा सर्वांचा समान हेतू तिच्या वागण्यावरून दिसला पाहिजे. तिने वाटाघाटीत भाग घेतला काय, कराराची अंमलबजावणी केली काय, व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते काय, हे पाहिले जाईल. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये लवाद नेमताना जर्मन कंपनी बांधील आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने लवादावरच सोपविला. या निकालाचे महत्त्व असे, की नात्यापेक्षा कृतीला वजन मिळाले. लहान उद्योजकाने म्हणूनच पत्रव्यवहार जपून ठेवावा. मूळ कंपनीच्या अधिकाऱ्याने पाठविलेला ई-मेल कधीकधी सहीइतकाच उपयोगी पडतो.

सांगलीच्या गावागावांतला ‘समूह’

आपल्या जिल्ह्यात ‘उद्योगसमूह’ हा शब्द कंपन्यांहून अधिक सहकारात ऐकू येतो. एकाच नेत्याच्या नावाने साखर कारखाना, बँक, दूध संघ, सूतगिरणी, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि ग्राहक भांडार उभे असते. कार्यक्रमाच्या फलकावर या साऱ्यांचा मिळून ‘समूह’ होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३६ नुसार मात्र नोंदलेली प्रत्येक संस्था ही आपापली स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. कारखान्याकडे थकलेले उसाचे बिल त्याच नावाच्या बँकेकडे मागता येत नाही. खाजगी पेढ्यांचेही तसेच. भिलवडीची चितळे डेअरी आणि पुण्याचे चितळे बंधू मिठाईवाले हे घराणे एक असले, तरी पेढ्या वेगळ्या आहेत.

ठेवीदारांच्या दृष्टीने हा भेद जिव्हाळ्याचा आहे. सहकारी बँकेतील ठेवीला ठेवविमा महामंडळाचे प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाख होते. ही मर्यादा बँकनिहाय मोजली जाते. एकाच बँकेच्या विश्रामबाग आणि मिरज शाखांत एकाच नावाने ठेवी असतील, तर त्या एकत्र धरल्या जातात; दोन वेगळ्या बँकांतील ठेवी वेगळ्या धरल्या जातात, मग त्या बँकांचे संचालक एकाच घरातले का असेनात. पतसंस्थेतील ठेवीला या महामंडळाचे संरक्षण मुळीच नाही, जरी तिच्या पाटीवर शेजारच्या बँकेचेच नाव आणि तेच बोधचिन्ह असले तरी. बोधचिन्हावर विश्वासून ठेव ठेवणाऱ्याने पावतीवर छापलेले पूर्ण नाव एकदा सावकाश वाचावे.

कायदेशीर व्यक्तीचा अंतही होतो आणि तो सांगलीने पाहिला आहे. १९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. त्या दिवसापासून सांगली बँक नावाची व्यक्ती उरली नाही. तिच्या ठेवी आणि देणी कायद्याने दुसऱ्या व्यक्तीची झाली. वालचंदांच्या उभारणीचेही असेच झाले. बंगळूरचा विमानकारखाना आणि विशाखापट्टणमची गोदी सरकारकडे गेली, तर इतर कंपन्या कुटुंबाच्या वेगवेगळ्या शाखांत विभागल्या. या समूहाची समाप्ती कोणत्या तारखेला झाली, असे विचारले तर सांगता येणार नाही. त्यातील प्रत्येक कंपनीची तारीख मात्र सांगता येते.

व्यवहार करण्यापूर्वी काय पाहावे, हे शेवटी थोडक्यात. कंपनी कायद्याच्या कलम १२ नुसार प्रत्येक कंपनीने आपल्या पत्रांवर व बिलांवर पूर्ण नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि ओळख क्रमांक छापणे बंधनकारक आहे. गेल्या दोन वर्षांत नाव बदलले असेल, तर जुने नावही छापावे लागते. त्या क्रमांकावरून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची स्थापना, भागभांडवल आणि मालमत्तेवरील बोजे पाहता येतात. खरेदी आदेशावर एका कंपनीचे नाव, माल दुसरीच्या गोदामात आणि धनादेश तिसरीचा, असे दिसू लागले, की थांबून लेखी खुलासा मागावा. ‘मूळ कंपनी पाठीशी आहे’ असे तोंडी सांगितले जात असेल, तर मूळ कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव आणि तिची सही असलेले हमीपत्र घ्यावे. नुसते दिलासा देणारे पत्र हमी म्हणून टिकेलच असे नाही. ते त्यातील शब्दांवर ठरते.